डोक्यातला कंट्रोलर

वासंतीच्या जाण्यानं मेंदूविज्ञानात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं भोरच्या शोकसभेत एका वक्त्यांनी गंभीरपणे सांगितलं. ती आयुष्यभर एका प्रथिनावर संशोधन करत होती हे लक्षात आल्यावर त्यांनी उपस्थितांना मोड आलेली कडधान्यं खाण्याचा सल्लाही दिला. वासंती शेजारी असती तर मला कोपरानं ढोसून म्हणाली असती, "बघ, संशोधन समाजापर्यंत पोचलं."

दीड महिन्यापूर्वी तिच्या भावाचा पुण्याहून फोन आला. झोपेतच गेली, हृदय बंद पडलं... "हृदय?" मी दोनदा विचारलं. आम्ही सगळे इतकी वर्षं तिच्या डोक्याची काळजी करत होतो.

त्याला कारण होतं. आम्ही दोघी भोरला एका बाकावर शिकलो. पुढे मी इथल्याच कॉलेजात मराठी शिकवू लागले, ती पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदीर पाळू लागली. तिच्या आईला विसरण्याचा आजार जडला तो त्याच सुमारास. आधी नावं गेली, मग माणसं. एकदा वासंती पुण्याहून आली तर आई पदर सावरून अदबीनं म्हणाली, "तुमी कुनाच्या म्हनायच्या?" वासंतीनं स्वतःचं नाव, गाव, घराणं सगळं नीट सांगितलं. आईनं चहा टाकला. त्यानंतर वासंतीनं आपलं कामच बदललं आणि त्या प्रथिनाच्या मागे लागली.

ते प्रथिन नेमकं काय करतं, हे मला कळलं ते भोरच्या एसटी स्टँडवर. तिची धाकटी मावशी बहिणीला बघायला गुंजवण्याहून आली होती आणि परतीच्या वेल्ह्याच्या गाडीची आम्ही वाट बघत होतो. वासंतीनं कंट्रोलरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मेंदूच्या पेशीत असाच एक जण बसलेला असतो, मावशी. आलेला माल कुठल्या फलाटावर जायचा ते तो ठरवतो. तो कमी पडला की माल भलतीकडे जातो, तिथं त्याचे नको ते तुकडे होतात, आणि ते साठत राहतात."

"म्हंजी आक्काच्या डोक्यातला कंट्रोलर च्या प्यायला गेलाय."

"हो. आणि परत आलाच नाही."

मग तिनं उंदरांचंही सांगितलं. त्याच कुळातलं एक प्रथिन नसलेले उंदीर वेगळे वागतात, भ्यायला हवं तिथं भीत नाहीत. मावशींना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "न भ्यायचा उंदीर बगायला पुन्याला कशापायी जायाचं? आमच्या कनगीत लई हायेत. मांजराम्होरनं जात्यात." मग गाडीकडे बघत हळूच म्हणाल्या, "हे आक्काचं तुला बी व्हईल का गं? आन मला?"

"सांगता येत नाही, मावशी."

रक्ताच्या तपासणीतून थोडाफार अंदाज येऊ शकला असता. ती तिनं कधीच केली नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाली, "शक्यता कळली की माणूस त्या शक्यतेसारखा वागायला लागतो. मला अजून माझ्यासारखं वागायचंय."

पण दर रविवारी ती मावशींना फोन करायची. "गप्पांच्या नावाखाली तिचं डोकं तपासते," ती मला म्हणाली, "तिला कळू देऊ नकोस." पुढे मी गुंजवण्याला भातलावणीच्या दिवसांत गेले, तर मावशी चिखलाचे हात झटकत म्हणाल्या, "वासूला वाटतंय ती माजी परीक्षा घेती. म्याच घेती तिची. बोलू नगंस." मी दोघींचा शब्द पाळला. एका रविवारी मी वासंतीकडेच होते तेव्हा मावशींनी फोनवर विचारलं, "माज्या लग्नात ज्येवायला काय व्हतं?"

"मावशी, मी जन्मले नव्हते."

"मंग बराबर हाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वासंती गेल्यावर मी गुंजवण्याला गेले. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "शेवटपत्तुर समदं ध्येनात व्हतं न्हवं तिच्या?"

ती गेली त्याच्या आदल्याच संध्याकाळी तिनं फोनवर माझी एक चूक काढली होती. आठवीत वर्गाबाहेर मी उभी होते, ती नव्हे; आणि ते बरोबर होतं. तसं मावशींना सांगितलं.

"म्हंजी पास झाली प्वार," त्या म्हणाल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या... "आता मला कोन इचारनार?"

तेव्हापासून रविवारचा फोन मी करते. प्रश्न मी विचारायचे, असं माझ्या मनात होतं. गेल्या रविवारी मावशींनीच विचारलं, आक्काच्या बाराव्याला आमटीत मीठ कमी होतं की जास्त? मी त्या पंगतीला होते. बराच विचार करून म्हटलं, "जास्त."

पलीकडून मावशी मायेनं म्हणाल्या, "डाक्टरला दावून घे गं बाय."

त्या आमटीत मीठ घालायचंच राहिलं होतं.