आधी वरणभात, मग चोर

अकोल्याच्या जुन्या शहरात मी रोज जिच्याकडून हार घेतो, ती फुलवाली गिऱ्हाईक नसलं की हलकीफुलकी प्रेमकथा, नाहीतर चोर शोधायची कादंबरी वाचत बसते. नव्या पुस्तकाचं शेवटचं पान ती आधी वाचते. म्हणते, "शेवट गोड हाय ना, हे पाहून घेतो. मंग निवांत वाचतो."

गेल्या हिवाळ्यात तिची सासू पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवणच सोडलं. अंगात ताकद आल्याशिवाय त्या उभ्या राहणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा हिनं लग्नघरातून चोरीला गेलेल्या नथीची कादंबरी तिला वाचून दाखवायला घेतली. गोष्ट ऐन रंगात आली की ही पुस्तक मिटायची.

"पहिले वरणभात खा, आई. मंग चोर सांगतो."

म्हातारीनं आधी शिव्या दिल्या, मग ताट पुढे ओढलं.

परवा तीच म्हातारी काठी टेकत दुकानापर्यंत आली. "दुसरं पुस्तक काढ व! त्या नथीचा चोर मले पहिलेच समजला होता."

फुलवालीनं मोगऱ्याचा गजरा तिच्या पांढऱ्या अंबाड्यात खोवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "पाहा हो, आमची बुढी चालत आली!"