हात बांधणाऱ्या मंगलाकाकू

मंगलाकाकूंनी माझे हात बांधले तेव्हा मी त्यांना नीट ओळखतही नव्हते. डिसेंबरातला रविवार होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या अंगणात दहा-बारा मुलं सतरंजीवर बसली होती आणि त्यांच्या मागे त्यांचे आई-बाप. काकू लाल लोकरीचा गुंडा घेऊन मागच्या रांगेतून फिरत होत्या. हात पुढे करा, म्हणायच्या. मग दोन्ही मनगटांभोवती लोकरीचा एक पदर, सैलशी गाठ, आणि पुढचा माणूस. बँकेतले एक साहेब हसत म्हणाले, "काकू, मी तर नुसता बघून राहिलो." काकू हसल्या नाहीत. "बघणाऱ्याचेच हात जास्त चालते," म्हणाल्या आणि त्यांची गाठ जरा आवळली.

माझ्यापाशी आल्यावर त्या थांबल्या. मी कोणाची आई दिसत नव्हते. मी चेतनची बहीण, मोठी, कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, असं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कॉलेजवाली? मग तर तुये पयले बांधाले पाहिजे होते." मला राग आला. पण हात पुढे केले. ती लोकर एका झटक्यात तुटली असती, हे सगळ्यांना कळत होतं. तरी कोणी तोडत नसे. काकूंची नजरच तशी होती.

मी काही लेखिका नाही. माझ्या घरात पुस्तकात लिहिण्याइतकं कोणी शिकलेलं नाही, आणि मलाही नीट जमेल की नाही माहीत नाही. पण त्यांच्यावर लिहायचं तर गोड गोड लिहिता येणार नाही. त्या रागीट होत्या आणि मी हे रागातच लिहिते आहे.

आम्ही पुरानी बस्तीत राहतो. बाबा गोल बाजारात भांड्याच्या दुकानात कामाला आहेत. आई चौथीपर्यंत शिकली, बाबा सहावीपर्यंत. चेतन मात्र इंग्रजी शाळेत आहे, त्याच्यासाठी दोघं काय काय करतात ते मी पाहते. त्या शाळेतून डिसेंबरात चिठ्ठी आली की मुलांनी कुटुंबासोबत बसून 'विंटर क्राफ्ट' बनवून आणावं, प्रदर्शन आहे. आमच्या घरात कुटुंबासोबत म्हणजे मी. बँकेची स्लिप, रेशनचा फॉर्म, शाळेची डायरी, सगळं माझ्याकडे येतं. बाबा पेन घेऊन एकेक अक्षर जुळवायला लागले की मी म्हणते, द्या इकडे. वेळ वाचतो. शेजारच्या बाईंनी सांगितलं की तात्यापाऱ्यात एक रिटायर्ड मास्तरीण थंडीभर रविवारी मुलांकडून अशा वस्तू फुकट करून घेतात, म्हणून चेतनला घेऊन गेले होते.

तिथे गेल्यावर कळलं की 'दे इकडे' हे शब्द त्या अंगणात चालतच नाहीत. एका आईच्या तोंडून ते निघाले. तिच्या मुलीला पुठ्ठ्याच्या चकतीवर लोकर गुंडाळून गोंडा करायचा होता आणि लोकर सारखी घसरत होती. काकू जिथे होत्या तिथूनच बोलल्या, "घरी म्हण तसं. इथं नको." ती बाई म्हणाली की पोरीला येतच नाहीये. "हव, नाई येत," काकू म्हणाल्या. "म्हणून तर आली ते. तुले येते, तर तू काहून आली?"

वस्तू सगळ्या सोप्या असत. जुन्या वहीचा पुठ्ठा, लोकर, पतंगीचा कागद, गोंद. अवघड होतं ते आमचं मागे गप्प बसणं. पहिल्या दिवशी बऱ्याच मुलांना कापसाचा स्नोमॅन करायचा होता, कारण शाळांना तोच हवा असतो. काकूंचं डोकं फिरलं. रायपुरात बर्फ कोणी पाहिला आहे का, म्हणून त्यांनी मुलांना विचारलं. कोणीच पाहिला नव्हता. मग थंडीत तुमच्या घरी काय असतं? चेतन म्हणाला, गोरसी. आमच्या गल्लीत अजून संध्याकाळी मातीच्या गोरसीत निखारे घालून लोक शेकत बसतात. काकूंचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. "मंग तेच बनव ना. अन् तुया मॅडमले म्हण, तुमचा तो कापसाचा बुढा माह्या गोरसीजवळ आणून ठेवा. पाणी होते त्याचं."

चेतनने गोरसी केली. पुठ्ठ्याची पट्टी गोल वळवून, आत लाल-केशरी पतंगी कागदाचे बोळे. पट्टी एका बाजूला जास्त कापली गेली, त्यामुळे ती डावीकडे झुकली. माझे हात बांधलेले होते आणि त्या झुकलेल्या बाजूकडे पाहून माझी बोटं वळवळत होती. काकूंनी ते पाहिलं असावं. "वाकडी आहे," त्या म्हणाल्या, "पण त्याची आहे. तुयी सरळ घेऊन मी काय करू?"

त्या अंगणात एक विद्यार्थी म्हातारा होता. खापरेकाका, काकूंचे यजमान. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांना लकवा मारला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंडातून शब्द अर्धेच. मुलांच्या रांगेत त्यांची खुर्ची उन्हात असायची आणि ते डाव्या हाताने मुलांबरोबर तेच करायचे जे मुलं करत. कात्री एका हातात, कागद गुडघ्यांमध्ये धरलेला. संक्रांतीनंतर ते एक बदाम कापायला घेत. कागद दुमडायचा, अर्धा आकार कापायचा, उघडला की पूर्ण बदाम. मुलाला दोन मिनिटं लागतात. काकांना चौदा फेब्रुवारीपर्यंत पुरायचा. कागद फाटायचा, मग दुसरा. त्यांच्या खोलीच्या दारावर असे चार बदाम चिकटवलेले मी पाहिले, एकही दोन्हीकडून सारखा नव्हता.

कोणीतरी एकदा म्हणालं की हे व्हॅलेंटाईन वगैरे आपल्यात नाही, मुलांना कशाला शिकवता. काकू म्हणाल्या, "पस्तीस वर्ष संसार केला यानं, एक फूल नाई आणलं. आता डाव्या हातानं बदाम कापून देऊन राहिला, तर मी नाई म्हणू?" काका तोंडाच्या एका बाजूने हसले. काकूंनी त्यांना लगेच दटावलं, हसू नका, कात्री पाहा.

हे हात बांधणं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मुलं गेली होती, आम्ही दोघी सतरंजी झटकत होतो. लकव्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना स्वतःचं स्वतः करू द्या. पण शर्टाच्या एका बटणाला काकांना पाव तास लागे आणि काकूंना ते पाहवत नसे. सहा महिने त्या प्रत्येक गोष्टीला दे इकडे म्हणत राहिल्या. सातव्या महिन्यात काकांनी हात पुढे करणंच सोडलं. "अर्धा माणूस लकव्यानं नेला," त्या म्हणाल्या, "बाकीचा मी नेऊन राहिली होती." एवढं बोलून त्यांनी सतरंजीची घडी माझ्या हातातून न घेता दुसरं टोक धरलं. तेव्हा मला त्यांचा राग पहिल्यांदा कळला. तो आमच्यावर नव्हता.

चेतनची गोरसी शाळेत गेली. प्रदर्शनाच्या दिवशी मी पाहायला गेले तेव्हा टेबलांवर पंधरा-वीस स्नोमॅन उभे होते, बहुतेक एकाच दुकानातून आणल्यासारखे. गोरसी टेबलाखाली एका खोक्यात होती. मी मॅडमना विचारलं. त्या वाईट बोलल्या नाहीत, आवाजही चढवला नाही, हसूनच म्हणाल्या, "विंटर क्राफ्ट था ना? ये क्या है? घर में कोई पढ़ा-लिखा नहीं है क्या, थोड़ा देख लेता?" चेतन माझा हात धरून उभा होता. मी कॉलेजात शिकते, असं माझ्या जिभेवर आलं होतं. आणि ते बोलले असते तर आई-बाबांना मीच कमीपणा आणला असता, हेही कळलं. मी सॉरी मॅडम म्हणाले. सॉरी कशाचं, ते मला आजही सांगता येणार नाही. तो शब्द आठवला की अजून कान तापतात.

फेब्रुवारीत शाळेने आई-वडिलांसाठी व्हॅलेंटाईन कार्ड मागवलं. चेतनने काकूंकडे एक बदाम कापला होता, खाली मी दिलेल्या लोकरीची शेपटी. मी तो बाजूला ठेवला. तो खेळायला गेला तेव्हा मी पट्टी घेऊन रेघा आखल्या, चांगला जाड कागद आणला, बदामात बदाम, कडेला लोकरीची वेणी. कार्ड सुंदर झालं, खोटं कशाला बोलू. चेतनने त्यावर फक्त नाव लिहिलं. त्याला पहिला नंबर मिळाला, शाळेच्या ग्रुपवर फोटो आला, बाबांनी तो दुकानात सगळ्यांना दाखवला. चेतनने ते कार्ड आईला दिलं तेव्हा तो म्हणाला, "हे ताईचं आहे." आणि आपला पहिला बदाम त्याने दप्तरात ठेवला.

पुढच्या रविवारी त्यानेच काकूंना सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी लोकरीचा एक तुकडा कापला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा घरी ठेव, इथं आता तू येऊ नको. मुलाला हवं तर त्याच्या आईसोबत पाठव.

माझा संयम सुटला. मी म्हटलं, काकू, तुम्ही मास्तरीण होता. तुम्हाले कोणी विचारत नाही, घरात कोणी शिकलेलं आहे का म्हणून. आम्हाले विचारते. सगळ्यांसमोर, हसून. वाकडं तुमच्या अंगणात चांगलं दिसते, शाळेत ते टेबलाखाली जाते. मागे बसलेले आई-बाप खाली पाहत होते, प्रत्येकाचे हात बांधलेले.

काकू म्हणाल्या, "बरोबर बोलली तू. मंग त्या मॅडमले उत्तर द्याचं होतं. पोट्ट्याच्या हातातली कात्री काहून घेतली?"

मी चेतनला ओढत घरी आणलं. महिनोन्‌महिने मी त्यांच्यावर चिडलेली होते. मनातल्या मनात त्यांना चांगली चांगली उत्तरं देत होते. एकही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून राग वाढत होता. तात्यापाऱ्यातून जायचं असलं तरी मी दुसऱ्या गल्लीने जायची.

दिवाळीच्या थोडं आधी मंगलाकाकू गेल्या. दुपारी भाजी निवडता निवडता. मला तीन दिवसांनी कळलं.

तेराव्याला मी आईसोबत गेले. नागपूरहून त्यांचे नातेवाईक आले होते. फोटोसमोर काका खुर्चीत होते, आणि त्यांच्या मांडीवर एक लाल बदाम होता, पतंगी कागदाचा. या वेळी त्यांनी तो चौदा फेब्रुवारीची वाट न पाहता कापला होता. तो त्यांना फोटोच्या चौकटीवर चिकटवायचा होता. डाव्या हाताला गोंद लागला होता, कागद बोटांनाच चिकटत होता. पुतण्या घाईत पुढे आला, "द्या इकडे काका, मी लावून देतो," आणि त्याने बदाम त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला. काकांनी हात खाली केला. लगेच खाली केला.

मी काही धीट मुलगी नाही. पण तो हात खाली जाताना मी पाहिला. मी म्हटलं, त्यांना परत द्या. पुतण्याने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, "काकूंच्या क्लासातली. ते त्यांचं त्यांना लावू द्या." आईने माझा पदर ओढला. पुतण्याने बदाम परत दिला, पण तोंड वाकडं करून. मग आम्ही सगळे उभे राहिलो, आणि काका चिकटवत राहिले. जेवणाची पानं खोळंबली. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी खोकललं. शेवटी बदाम काकूंच्या खांद्यापाशी बसला. काकांनी मान वळवून मला विचारलं, "वा... कडा?"

"हव काका," मी म्हटलं, "वाकडाच आहे."

त्यांनी मान हलवली, समाधानाने.

परवा पुन्हा प्रदर्शन होतं. चेतन आता तिसरीत आहे, पण प्रदर्शन त्याच मॅडमकडे. त्याने पुन्हा गोरसी केली. आईच्या शेजारी बसून, आईचे हात मांडीखाली. माझ्या मनगटाला मी काकूंनी दिलेला तुकडा बांधून घेतला होता, चेतन हसत होता. या वेळी गोरसी उजवीकडे झुकली.

मॅडमनी ती पाहिली आणि हात पुढे केला. "फिर से यही? इधर दो बेटा, मैं सीधा कर देती हूँ."

मी म्हटलं, "रहने दीजिए मैडम. पिछले साल आपने पूछा था, घर में कोई पढ़ा-लिखा है क्या. मम्मी चौथी तक पढ़ी हैं, पापा छठी तक. ये इसने खुद बनाया है, और इसको टेबल के ऊपर रखना है." माझा आवाज चांगला नव्हता, मध्येच फाटला. आजूबाजूच्या दोन आया वळून पाहायला लागल्या. मॅडम काय म्हणाल्या ते मला नीट ऐकूही आलं नाही. बहुतेक म्हणाल्या, ठीक है, जहाँ जगह हो रख दो.

नंबर वगैरे मिळाला नाही. चेतनने टेबलावर जागा शोधली. स्नोमॅनच्या रांगेत मधोमध दोन कापसाचे म्हातारे सरकवून त्याने गोरसी ठेवली, लाल कागदाचे निखारे बोटाने वर उचलले. मग हात मागे बांधून तो थोडा लांब उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

"ताई," तो म्हणाला, "आता पाह्य. पाणी होते यांचं."