गच्चीवरून खाली आलेली तार

“तुमच्या दुकानात तो गुणी बाळासारखा चालतो आणि माझ्या घरी आला की अंगात येतं. म्हणजे दोष माझ्या घरात आहे, असंच ना मॅडम?”

वैशालीताईंनी आवाज चढवला नव्हता. सदाशिव पेठेत आवाज न चढवताही माणसाला जिना उतरायला लावता येतं. मला उतरता येत नव्हतं, कारण त्यांचा कॉम्प्युटर मी तिसऱ्यांदा परत आणून जोडत होते.

मी तेव्हा स्वारगेटजवळच्या एका दुकानात हार्डवेअर इंजिनिअर होते. फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तो काळ. मी गिऱ्हाईकाच्या घरी गेले की दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे बघायचा, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. वैशालीताईंनी तसं बघितलं नव्हतं. त्यामुळे त्यांचे टोमणे मी ऐकून घ्यायचे.

वैशालीताई घरी बसून मराठी टायपिंग करायच्या. नवरा खडकीच्या फॅक्टरीत, मुलगी शाळेत, मधली दुपार यांच्या कामाची. आणि नेमकं दुपार कलली की काम करता करता स्क्रीन काळा व्हायचा आणि मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. सेव्ह न केलेलं सगळं जायचं. एका प्रकाशकाने कंटाळून पाठ्यपुस्तकाचं काम काढून घेतलं होतं. आता त्यांच्याकडे एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा प्रबंध होता आणि तो विद्यापीठात द्यायची मुदत जवळ आली होती.

“हेही काम गेलं तर पोळ्या लाटीन,” त्या म्हणाल्या. “पोळी निदान लाटता लाटता गायब होत नाही.”

आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या मशीनचे नेहमीचे संशयित ठरलेले असतात. पहिला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. तो मी बदलला. दुसरी रॅम, चालू कामापुरती मशीनची आठवण. तिचे पाय खोडरबराने घासून बसवले. तिसरी उष्णता. पंखा साफ केला. चौथा व्हायरस. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. मग मशीन उचलून दुकानात नेलं आणि दिवसरात्र चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी वैशालीताईंचा फोन.

आमचे पाटणकर सर दुकानाचे मालक. ते म्हणाले, “अजून किती फेऱ्या? आपण मशीन दुरुस्त करतो, दत्तक घेत नाही.”

“सर, एक दुपार नुसतं तिथे बसून बघते.”

“बसून काय बघणार?”

“तेच बघायचंय.”

त्या दुपारी वैशालीताई टाइप करत होत्या आणि मी शेजारी स्टुलावर. त्यांना शांततेत काम करायची सवय, त्यामुळे स्पीकर नेहमी बंद. मला बसून झोप यायला लागली म्हणून मी स्पीकर लावले आणि एक गाण्यांची सीडी घातली. बराच वेळ गाणी नीट वाजली. मग गाण्याच्या मागून आवाज यायला लागला. कट्ट. कडकट्ट. कट्ट कट्ट. भरभर, पण तालात. आणि स्क्रीन काळा.

“उंदीर?” वैशालीताई म्हणाल्या.

“उंदीर स्पीकरमधून येत नाहीत.”

मोबाइल वाजायच्या आधी जवळचा स्पीकर गुरगुरतो, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. रेडिओ लहरी स्पीकरच्या वायरमध्ये शिरतात म्हणून तसं होतं. म्हणजे इथे जवळपास कोणीतरी लहरी सोडत होतं, आणि मोबाइलपेक्षा कितीतरी जोरात. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून एक काळी तार भिंतीला धरून खाली आली होती आणि बरोबर आमच्या डोक्यावरच्या खिडकीत शिरली होती.

“वर कोण राहतं?”

“लिमये काकू. एकट्या. तारखात्यातून रिटायर झाल्यात. बाई गरीब आहेत हो, पण कोणाशी बोलत नाहीत.”

आम्ही दोघी वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलावर एक रेडिओ सेट, त्याच्यापुढे पितळी बटणाची पट्टी आणि त्यावर एक सुरकुतलेला हात. हात जवळजवळ हलत नव्हता. हलत होतं ते फक्त मनगट. काकूंनी आमच्याकडे न बघता डावं बोट वर केलं, थांबा म्हणून. आम्ही थांबलो. त्यांनी बडवणं संपवलं, कानाला हेडफोन दाबून ऐकत राहिल्या, मग हेडफोन काढला.

“बोला.”

भिंतीवर सरकारी परवाना फ्रेम करून लावला होता. याला हॅम रेडिओ म्हणतात. परवाना घेऊन लोक छंद म्हणून जगभर संदेश पाठवतात. काकू तोंडाने बोलत नसत. तारखात्यात शिकलेली कडकट्टाची भाषाच, म्हणजे मोर्स कोड, वापरायच्या.

मी कारण सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काही न विचारता सेटचा प्लग काढला.

“माझ्यामुळे हिचं काम बुडत होतं? मला कोणी सांगितलं नाही.”

“आम्हालाच आज कळलं,” वैशालीताई म्हणाल्या.

मी विचारलं, “काकू, तुम्ही हे किती वर्षं करताय?”

“नोकरीत होते तेव्हापासून.”

“मग त्रास आत्ताच का सुरू झाला?”

त्यांनी सेटच्या एका गोल खुंटीवर बोट ठेवलं. “ही वाढवली. पॉवर. आधी कमीवर भागायचं.”

फिनलंडमध्ये एक निवृत्त शाळामास्तर होते. रोज दुपार कलली की काकू आणि ते बोलायचे. बर्फ किती पडला, आंबे आले का, गुडघे कसे आहेत. कितीतरी वर्षं. दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नव्हता. मास्तरांना इंग्रजी लिहिता यायचं, बोलता यायचं नाही, त्यामुळे फोनचा प्रश्नच नव्हता. आणि मध्यंतरी एक दिवस ते रेडिओवर आले नाहीत. नंतरही आले नाहीत. पत्राला उत्तर नाही.

“मला वाटलं, माझं त्याच्यापर्यंत पोचत नसेल. म्हणून पॉवर वाढवली. रोज हाक मारते.”

“किती पॉवर आहे ही?” मी विचारलं. मला मोठा आकडा अपेक्षित होता.

“पूर्ण सोडली तर शंभर वॅट.”

शंभर वॅट म्हणजे स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब. तेवढ्या विजेत माणसाची हाक सदाशिव पेठेतून निघते, आकाशात फार उंचावर विजेने भारलेला हवेचा एक थर असतो त्याच्यावर आपटते, तिथून जमिनीवर, पुन्हा वर, अशा उड्या घेत फिनलंडला पोचते. मी हे पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण त्या खोलीत उभं राहून ती काळी तार बघताना पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

वैशालीताईंनी वाकून प्लग पुन्हा भिंतीत लावला.

“काकू, तुम्ही हाका मारा. तोवर मी ओळीओळीला सेव्ह करीन. आणि मॅडम, तुम्ही काय ते शोधा.”

शोधायला आता दिशा होती. कॉम्प्युटरच्या डब्यावर रीस्टार्टचं बटण असतं. त्याच्यापासून आत एक बारीक, लांब वायर जाते. ती वायर काकूंच्या लहरी पकडत होती आणि मशीनला वाटत होतं, कोणी बटण दाबलं. ती मी काढून टाकली. कीबोर्डच्या आणि विजेच्या वायरींवर फेराइटची कडी चढवली. ही काळी कडी नको असलेल्या लहरी अडवतात. पण मुख्य दुखणं तळमजल्यावर निघालं. मीटरच्या खोलीत इमारतीची अर्थिंगची पट्टी, म्हणजे भलती वीज जमिनीत सोडणारी पट्टी, गंजून तुटलेली होती. काकूंच्या सेटची भटकी वीज जमिनीत जायच्या ऐवजी सगळ्या मजल्यांच्या वायरिंगमध्ये फिरत होती. वायरमन आणून नवीन अर्थिंग केलं. गच्चीवरून येणारी तार वैशालीताईंच्या खिडकीपासून लांब, मागच्या भिंतीने घेतली. त्यानंतर काकू पूर्ण पॉवरवर बडवत असताना खाली मशीन ढिम्म हललं नाही. प्रबंध वेळेत गेला.

पुढच्या आठवड्यात मी खात्री करायला गेले. खात्री फोनवरही झाली असती. पाटणकर सरांना मी ते सांगितलं नाही.

वैशालीताईंच्या दाराला कुलूप होतं. त्या वर होत्या, काकूंच्या खोलीत. खुर्चीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. काकूंनी त्यांच्यासाठी सेटचा स्पीकर लावला होता. समुद्रासारखी खरखर येत होती. काकूंनी हाक मारली, थांबल्या. पुन्हा मारली. आम्ही तिघी खरखर ऐकत बसलो.

मग खरखरीतून एक बारीक शीळ वर आली. अडखळत, तुटक. काकूंनी पेन्सिल उचलली, एक अक्षर लिहिलं आणि थांबल्या.

“नावाची खूण त्याची आहे. हात त्याचा नाही.”

“म्हणजे?” वैशालीताईंनी विचारलं.

“बडवणाऱ्याचा हात ओळखू येतो गं, अक्षर ओळखावं तसा. हा कोणीतरी दुसरा आहे. शिकाऊ.”

शीळ चालूच होती. काकू लिहीत राहिल्या. एका शब्दानंतर शीळ जरा जास्त थांबली, तशी त्यांची पेन्सिलही थांबली. त्यांनी डोळे मिटले.

“नाही. तोच आहे. असा श्वास तोच घेतो.”

संदेश संपला. काकूंनी कागद आमच्याकडे सरकवला आणि स्वतः खिडकीकडे बघत बसल्या. इंग्रजी तुटक होतं. उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने शिकतो आहे. उत्तर देता येत नव्हतं. तू रोज ऐकू येत होतीस.

वैशालीताईंनी ते वाचलं, शेंगांची परात खाली ठेवली आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. काकूंनी बटणावर हात ठेवला. पूर्वीसारखा भरभर नाही. एकेक अक्षर सुटं, सावकाश, त्याला झेपेल इतकंच. मी खाली न जाता तिथेच भिंतीला टेकून ऐकत राहिले. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

दुकानात पाटणकर सरांनी विचारलं, “काय निघालं शेवटी?”

“अर्थिंग.”

“मग पहिल्याच दिवशी का नाही बघितलं?”

त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून कोणी सांगितलं, कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो, की मी स्क्रू-ड्रायव्हर काढायच्या आधी मीटरची खोली बघते. आणि शेजारी कोण राहतं, तेही विचारते. काही लोकांना राग येतो. विचारलेलं बरं असतं.