न दुखणारी टाच

"इरेक्टाइल डिसफंक्शन," डॉक्टर म्हणाले आणि मी आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. म्हणजे लिंगाला ताठरता न येणं, किंवा आलेली न टिकणं. आज हे उघड लिहितोय, तेव्हा मात्र हा शब्द दाराबाहेर जाऊ नये एवढंच वाटत होतं.

राहतो बोरिवलीत, पण डॉक्टर गाठला मुलुंडचा. तिकडे आपल्याला कोण ओळखतंय! वेटिंग रूममधले सगळे पुरुष टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तीही झाली. गोळ्यांनी फारसा फरक पडेना, तेव्हा शॉक वेव्ह थेरपीचं निघालं. मला वाटलं, आता विजेचा झटका देणार.

"हा विजेचा शॉक नाही," डॉक्टर म्हणाले. "ध्वनिलहरींचे बारीक ठोके. रक्तपुरवठा सुधारू शकतो, पण सगळ्यांनाच गुण येत नाही. हमी देणाऱ्यांपासून लांब राहा."

खरंच, दुखलं काहीच नाही. नुसतं टकटक.

घरी बायकोला, सुनीताला, सांगितलं की टाच दुखते, त्यासाठी शॉक वेव्ह घेतोय. टाचेलाही हीच थेरपी देतात, हे क्लिनिकमधल्या पोस्टरवर वाचलं होतं. ती बिचारी रोज संध्याकाळी खोबरेल तेल कोमट करून माझी धडधाकट टाच चोळायची. कित्येक महिने मी तिच्याकडे पाठ करून झोपत होतो, आणि ती माझा पाय मांडीवर घेऊन बसायची. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

एकदा चोळता चोळता म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी मलापण न्या ना. माझी टाच केव्हाची ठणकतेय."

मला ते माहीतच नव्हतं.

मग सगळं सांगून टाकलं. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. डोळे पुसून म्हणाली, "मला वाटलं, मीच नकोशी झाले तुम्हाला." मग माझा पाय खाली ठेवून तिने आपला पुढे केला. "चोळा आता."

थेरपीने थोडा गुण आला, गोळी अजून लागते. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांकडे जा, साखर तपासा, आणि घरी खोटी टाच सांगू नका.

शेवटच्या खेपेला सुनीता सोबत आली. बंद टीव्हीकडे बघणाऱ्या पुरुषांवरून नजर फिरवून माझ्या कानात म्हणाली, "अहो, ह्या सगळ्यांच्या टाचाच दुखतायत का?"

त्या खोलीत मी पहिल्यांदाच हसलो, आणि तिचा हात धरून नंबर यायची वाट बघत बसलो.