बाईंचा सत्कार

आमच्या पुऱ्यानं आजवर एकच सत्कार केला आणि त्यातच स्वतःचं वाटोळं करून घेतलं. हे मी शांतपणे सांगते आहे असं कुणी समजू नये. माझा जीव अजून जळतो.

पुरा म्हणजे तालुक्याच्या गावाची मागची बाजू, भाजी पिकवणाऱ्यांची वस्ती. घरामागं वांगी, मेथी, पालक आणि घरापुढं जुड्या बांधत बसलेल्या बायका. मधोमध नगरपरिषदेची शाळा, चौथीपर्यंतची. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेच्या ओट्यावर दिवसभर पत्ते चालायचे, आवारात शेळ्या बांधलेल्या असायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मास्तर यायचे, सही करायचे, जायचे. मग बाई आल्या.

बाईंनी पहिल्या आठवड्यात पोरांकडून पुस्तकं नाही, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. आमच्याकडे पत्रिका टाकून देत नाहीत. वर गणपती छापलेला असतो, तो उकिरड्यावर कसा टाकणार? म्हणून तारेत ओवून खुंटीला टांगून ठेवतात. बाईंनी त्या पत्रिकांवरून पोरांना अक्षरं शिकवली. मामा, काका, आत्या यांची नावं पोरांच्या तोंडात होतीच, ती कागदावर कशी दिसतात एवढंच शोधायचं. आणि सगळ्यात खाली, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" या ओळीखाली, घरातल्या लहान पोरांची नावं. माझी थोरली दुसरीत असताना तिथं बोट ठेवून ओरडली होती, "आई, हे मी हाय!" मी हातातली मेथीची जुडी टाकून धावले होते. त्या दिवशी तिनं शेजारपाजारच्या सगळ्या पत्रिका वाचून काढल्या, मेलेल्या माणसांच्या नावांसकट.

पुढं पुऱ्याचा रंगच पालटला. पत्तेवाले ओटा सोडून गेले, कारण बाई त्यांच्याच पोरांना त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायला बसवायच्या आणि त्यांना डाव लावायची लाज वाटायची. पिठाची गिरणी आली, वह्या-पेनांचं दुकान आलं. खेड्यांवरची माणसं पोरांच्या शाळेसाठी आमच्याकडे खोल्या शोधू लागली. आमच्या मागच्या दोन खोल्यांत वरवट बकाल गावाकडचं एक बिऱ्हाड आलं. बायको ब्लाउज शिवायची, नवरा कुठल्याशा दुकानात होता. त्यांची पोरगी आणि माझी धाकटी एकाच वयाच्या, एकाच ताटात जेवायच्या. शाळा नीट चालली की गल्ली नीट चालते, हे मला कुणी शिकवलं नाही. मी ते दारात बसून पाहिलं.

धाकटी तेव्हा अंगणवाडीत होती. थोरलीसारखी ती चटपटीत नाही. कुणी नाव विचारलं तर पदरामागं लपते, बोलताना अडते, हसणाऱ्यांना घाबरते. फक्त बाई रस्त्यानं जाताना दिसल्या की ही पुढं व्हायची. मला जगाकडून दुसरं काही नको होतं. माझ्या या पोरीची पहिली-दुसरी बाईंच्या हाताखाली व्हावी, बस. बाकी ती कशीही निभावेल, असं मला वाटे.

आणि तेवढ्यात बाईंची बदली होणार अशी कुणकुण लागली.

आमचे हे शाळेच्या समितीवर. पुऱ्याची बैठक बसली आणि अक्कल पाजळली गेली. हे म्हणाले, "बाईचा असा सत्कार करू, का कोणाची हिंमतच होणार नाई तिले हालवाची."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. बाई तेवढ्या म्हणाल्या, "नको हो, कशाला उगाच?" पण आम्ही त्याला त्यांचा साधेपणा समजलो. चौकात हा एवढा फ्लेक्स लागला, बाईंचा फोटो मोठा आणि आमच्या माणसांचे फोटो खाली गोल गोल. बँड आला. शाल, श्रीफळ, फेटा. आणि मोठ्या हौसेनं बोलावलं कुणाला? तर बदल्या ज्यांच्या हातात होत्या त्याच साहेबांना. त्यांच्यासमोर आमच्या पोरांनी पत्रिका धडाधड वाचून दाखवल्या. साहेब थक्क झाले. भाषणात म्हणाले, "इतक्या गुणी शिक्षिका या कोपऱ्यात आहेत, हे आम्हाला आजवर माहीतच नव्हतं."

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! हात दुखेपर्यंत वाजवल्या.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत हुकूम आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, साहेब लोकांच्या कॉलनीजवळ, नगरपरिषदेची आदर्श शाळा निघाली होती. बाईंना तिथं नेलं. आमचे हे चार माणसं घेऊन कचेरीत गेले, तर उत्तर मिळालं, "तुम्हीच तर त्यांची कीर्ती सांगितली." हे घरी येऊन जेवले नाहीत. मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाईंच्या जागी सर आले. माणूस वाईट नाही. पण एकट्याकडे चार वर्ग, आणि वर सतत कसली तरी माहिती मोबाइलवर भरायची. मी एकदा विचारलं, "सर, पोरं वाचाले कवा बसवता?" तर डोळे न उचलता म्हणाले, "ताई, आधी हे पाठवू द्या." महिने गेले, त्यांचं पाठवणं संपलं नाही.

मग पुरा रिकामा व्हायला लागला. ज्यांना परवडलं त्यांनी पोरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये घातली. वह्यांच्या दुकानात आता गुटख्याच्या माळा लटकतात. ओट्यावर पत्ते परत आले. आणि एका सकाळी मागच्या खोल्यांतली भाडेकरीण शिलाई मशीन ऑटोत चढवताना दिसली. मी विचारलं, "काऊन वो, काई चुकलं का आमचं?" ती माझा हात धरून म्हणाली, "नाई वो ताई. बाईच्या शाळेपाशी खोली भेटली."

धाकटी पहिलीतून दुसरीत गेली आणि मला राहवेना. मी तिला घेऊन आदर्श शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "वर्ग भरलाय. आणि तुम्ही या भागातल्या नाही. तुमच्या भागात शाळा आहे ना?"

"हाय ना," मी म्हणाले. "भिंती हायेत."

बाई बाहेर आल्या. धाकटी माझ्या मागून निघून त्यांना जाऊन चिकटली. मी हात जोडले. "बाई, हिले कसंही घ्या. मांगं बसवा, खाली बसवा."

बाईंचे डोळे भरले. "माझ्या हातात असतं तर मी इथं आलेच नसते," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागच्या खिडकीतून वर्ग दिसत होता. पुढच्या बाकावर आमच्या मागच्या खोलीतली पोरगी उभी राहून वाचत होती, खणखणीत. फाटकाशी तिची आई भेटली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाली, "तुमी बी या ना इकडे राह्याले."

"मळा उचलून आणू काय?" मी म्हणाले.

रस्ताभर मला तेच खात होतं. भाड्यानं राहणारे बाईंच्या मागं गेले. ज्यांचं स्वतःचं घर, स्वतःची विहीर, ते मात्र जागच्या जागी अडकले. लग्नात माझ्या बापानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, पोरीला घरदार असलेल्या ठिकाणी दिलं.

या उन्हाळ्यात माझ्या भावाचं लग्न ठरलं आणि पत्रिका आली. वर गणपती, खाली "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि त्याखाली माझ्या दोन्ही पोरींची नावं. धाकटीची दुसरी आता संपली आहे. थोरली तिला म्हणाली, "पाह्य, तुहं नाव हाय याच्यात. शोध."

धाकटीनं पत्रिका जमिनीवर पसरली. बोट वरून खाली आणलं, थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं. मी जुड्या बांधायच्या थांबले. मग तिनं थोरलीच्या नावावर बोट टेकवलं आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं ओरडली, "आई, हे मी हाय!"

थोरली काही बोलायच्या आत मी तिचा हात दाबला.

"हाव," मी म्हणाले. "तूच हायेस."