वाचन रक्तात लागतं म्हणे

“तोंडावर बोट.”

हे आम्हाला सांगितलं. पोरंबाळं असलेल्या बायांना. चेन्नईत अण्णा नगरमधल्या एका बड्या इंग्रजी शाळेचा हॉल. आम्ही कॉर्पोरेशनच्या बालवाड्यांच्या टीचर खाली चटईवर, आणि वर खुर्चीत त्या शाळेच्या मालकीणबाई. आम्हाला शिकवायला त्यांनी एक ट्रेनर आणली होती, पंचविशीतली. म्हणाली, आज तुम्ही मुलं, मी टीचर. सगळ्यांनी बोट ठेवलं. मीही ठेवलं. वरून हुकूम होता, नाही कसं म्हणणार?

पण मी गेले होते मनापासून. माझ्या वर्गाचं एक दुखणं होतं. पोरं पुस्तकातलं पान घडाघडा म्हणायची. चित्रावर हात ठेवला की गप्प. म्हणजे वाचत नव्हतीच, चित्र बघून पाठ म्हणत होती. पहिलीत गेली की तिथली बाई त्यांना मागच्या रांगेत टाकायची. तिथं पडलेलं पोर तिथंच राहायचं. ह्याला काय करायचं ते मला येत नव्हतं. कुणीतरी शिकवेल म्हणून दोन बस बदलून आले होते.

मी उठून विचारलं.

ट्रेनर हसली. “वाईट मुली मध्येच बोलतात.” मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. खेळ म्हणे. हॉल हसला. शेजारच्या बालवाडीतली सेल्वी, माझी जिवाभावाची मैत्रीण, तीही हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकीणबाई उठून जवळ आल्या. मैलापूरच्या जुन्या तंजावरी मराठी घरातल्या. माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून मराठीत म्हणाल्या, “मराठी का गं तू?” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आपल्या भाषेची बाई आहे, सोडवेल. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. बाप विट्याकडून आला, सौकारपेटेत सोनं गाळायच्या दुकानात भट्टीवर राबला, तेही सांगितलं. बाईंनी पदर आवरून घेतला आणि मागे सरकल्या. मग ट्रेनरला तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “वाचन रक्तात लागतं. हिच्यातच नाही, तर त्या झोपडपट्टीच्या पोरांत कुठून येणार? पाठ म्हणतात तेवढं पुष्कळ.”

इतका वेळ मी स्वतःलाच दोष देत होते. मला नीट विचारता आलं नाही, माझंच चुकलं. आता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्यांना उत्तर द्यायचंच नाही. ती पोरं वाचायला लागली तर ह्यांच्या घरची भांडी कोण घासणार?

मी वळले. “बाई, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. माझ्या पोरांची जात काढू नका.”

आणि कुणी सांगायची वाट न बघता कोपरा सोडून चटईवर जाऊन बसले.

संध्याकाळी प्रत्येकीला वर्गासाठी गोष्टीच्या पुस्तकांची पेटी दिली. मला सांगितलं, आधी बाईंच्या पाया पड, माफी माग, मग पेटी. मी नाही पडले. माझ्या पोरांची पेटी तिथंच टेबलावर राहिली.

बसमध्ये सेल्वी मांडीवर तिची पेटी घेऊन बसली होती. “अक्का, वाकलं असतं तर काय गेलं असतं? पोरांना पुस्तकं मिळाली असती.” बोलली ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सेल्वीच्या बालवाडीतली पेटी बघून आलेली पोरं माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होती, ते अजून सलतं.

तरी वाकणार नाही. पुस्तकं मागेन ती कॉर्पोरेशनच्या ऑफिसात, हक्कानं, भीक म्हणून नाही. मला शिकवता येत नाही, तर शिकेन. ज्याला येतं त्याच्या दारात जाऊन बसेन. पण माझ्या वर्गातलं एकही पोर पाठ म्हणत पहिलीत जाणार नाही. आणि वाचायला आलं की त्यांना घेऊन अण्णा नगरला जाईन. त्या शाळेच्या फाटकावरची पाटी ती मोठ्यानं वाचतील. मग विचारतील, आम्ही आत का नाही.