ब्रेक धरेपर्यंत

परवा रविवारी सकाळी पूर्णेत, भर गल्लीत माझी सायकल थांबलीच नाही. दोन्ही ब्रेक हँडलला टेकेपर्यंत दाबले... काही नाही. समोर उतार, उताराच्या शेवटी तिचं घर, आणि दारात पेपर वाचत बसलेले तिचे बाबा.

तिचं नाव सांगणार नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कमेंटमध्ये शहाणपणा करू नये.

शुक्रवारी तिचा एकच मेसेज आला होता. रविवारी बाबांना सुट्टी आहे, येऊन त्यांच्याशी बोल... नाहीतर सोमवारपासून आमच्या गल्लीत चकरा मारू नकोस. दोन दिवस घास उतरला नाही मला. सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलेला पोरगा मी, आता मोबाइल रिपेअर करतो. बोलणार काय, आणि कोणत्या तोंडानं?

त्यात माझी ही सेकंडहँड माउंटन बाईक. डिस्क ब्रेक दाबला की अशी किंचाळते की अख्खी गल्ली वळून बघते. निदान त्या दिवशी तरी सभ्य माणसासारखं, गुपचूप जावं म्हणून शनिवारी संध्याकाळी मी दोन्ही डिस्कला, म्हणजे ब्रेक चाकाच्या ज्या चकतीला धरतो तिला, चेनचं तेल लावलं. चाक हातानं फिरवून ब्रेक दाबून पाहिला... आवाज बंद. लय खूश झालो.

ब्रेकला तेल. हो, मीच लावलं. आणि घरापासून तिच्या गल्लीपर्यंत रस्ता सपाट, मोकळा, त्यामुळं ब्रेक लावायची वेळच आली नाही.

उतारावर पाय घासत, एका मावशींना ओरडून बाजूला करत, शेवटी तिच्या घराशेजारच्या बांधकामाच्या वाळूत घुसलो. इस्त्रीचा शर्ट, केस, तोंड... सगळी वाळू. कोणीतरी हसलं. एरवी मी गचांडीच धरली असती, पण खिडकीत ती उभी होती.

तिचे बाबा रेल्वेत आहेत. मालगाडी सुटायच्या आधी प्रत्येक डब्याचे ब्रेक तपासायचे, हे त्यांचं काम. ते उठले, माझ्याकडे न बघता सायकल उभी केली, डिस्कवर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"तेल कुणी टाकलं?"

"मीच, काका."

"महिना झाला ऐकायलोय मी हा ब्रेक. वाजत होता, पण धरत होता ना?"

महिना झाला... म्हणजे यांना सगळं माहीत होतं. ते एवढंच म्हणाले की डिस्कला धरणारे पॅड तेल पिऊन बसलेत, आता ते गेले. नवे आण, इथंच बसवू, तोवर सायकल हलणार नाही.

दुकानात जुना पॅड दाखवला. दुकानदार अप्पांनी त्याच मापाची दोन प्रकारची पाकिटं ठेवली. रेझीनचे मऊ, आवाज कमी, पण लवकर झिजतात. मेटलचे कडक, धुळीत-पावसात टिकतात, पण वाजतात. डिस्क कोणती आहे ते आधी बघा, असं ते सांगत होते... मी त्यांना मधेच तोडलं, मला कळतं म्हणालो. दिवसभर लोखंडात काम करणाऱ्या माणसासमोर मऊ पॅड घेऊन जाऊ? मेटलचे उचलले.

काकांनी पाकीट बघितलं. फोडलं नाही. चाक माझ्यापुढं धरून म्हणाले, "वाच."

डिस्कवर इंग्रजीत बारीक अक्षरं कोरलेली. फक्त रेझीन पॅड. सायकल घेतल्यापासून मी ती एकदाही वाचली नव्हती.

"कॉलेज पण असंच सोडलास का? पुरतं वाचल्याबिगर?"

डोकं सटकलं माझं. कानशिलं तापली. तोंडावर आलं होतं की ठेवा सायकल तुमच्याकडंच... आणि तडक निघून जावं. तेवढ्यात ती बाहेर आली, पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी पाणी प्यालो. पाकीट उचललं आणि पुन्हा दुकानाकडे चालू लागलो.

अप्पांना सॉरी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दुकानदाराला म्हणालो असेन. त्यांनी पाकीट बदलून दिलं.

परत आलो तर काकांनी दोन्ही डिस्क भांड्याच्या साबणानं घासून, गरम पाण्यानं धुऊन, पुसून ठेवलेल्या. बनियनवर बसले होते, हात कोपरापर्यंत काळे.

"मला वाटलं येत नाहीस तू," एवढंच म्हणाले.

पॅड माझ्याकडूनच बसवून घेतले. मग सांगितलं की नवे पॅड लगेच धरत नाहीत. थोडा वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबत आणायचा, पूर्ण थांबायच्या आत सोडायचा. असं वीस वेळा. मी विचारलं, कुठं फिरवू?

"इथंच. गल्लीत. माझ्यासमोर. धरला की आत ये, चहा घेऊ. मग काय बोलायला आलास ते बोल."

ज्या गल्लीत महिनाभर चोरून चकरा मारल्या, तिथंच भर उन्हात, तिच्या बाबांच्या नजरेखाली वर-खाली... सगळी गल्ली ओट्यावर. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत काही फरक नव्हता, मी घामाघूम. मग बोटाला कळायला लागलं, पॅड थोडा थोडा धरायलाय. वीस झाले आणि दारासमोर उभा राहिलो.

आतून तिचा आवाज आला, "बाबा, अठराच झालेत त्याचे."

काकांनी पेपरमधून डोकंसुद्धा वर केलं नाही. "मग दोन राहिले."

मारले दोन.

आत काय बोलणं झालं ते इथं लिहिणार नाही. काका फेसबुकवर नाहीत. त्यांनी माझी तेलकट डिस्क स्वतःच्या हातानं धुतली, त्याचं थँक्यू म्हणायचं राहून गेलं, म्हणून हे लिहितोय.

आणि हो... काल सोमवारी मी त्याच गल्लीतून गेलो.